मदत हवी आहे: तुरीवर ड्रोन फवारणी, शेतातून तारा अन् बांधाला चुलत्याची तुती

राम राम मंडळी. गाव गेवराई तालुक्यात, साडेतीन एकर तूर हाय, फुलोऱ्यातून शेंगंला लागली. डोक्याच्या वर गेली, पंप घेऊन आत शिरलं की फवारा तोंडावर येतो, गडी तयार होईना म्हणून ड्रोनवाल्याला बोलवलं. परवा आला अन् पहिल्याच एकरात, डीपीच्या खांबाचा तिरका ताण असतो ना जमिनीत गाडलेला, त्याला पंखा घासला अन् ड्रोन गिरकी घेऊन माझ्यापासून धा-बारा फुटावर आदळला. टाकीसकट वीस-पंचवीस किलोचं धूड, पंखे चालूच. ड्रोनवालं पोरगं म्हणतंय, काका सेन्सर हाय पण बारीक तार त्याला दिसत नाय. मग आधी शिवारात एक चक्कर का मारली नाय बाबा?

अमेरिकेत विमानानं फवारतात, तिथले पायलट पण बऱ्याचदा तारेत अडकूनच जातात म्हणे. आपल्याकडं पायलट बांधावर, म्हणून तो वाचतो, पण खाली आपण उभे असतो ना.

औषधाचं बी तसंच. घाटेअळीसाठी इमामेक्टिन, एरवी एकराला जे दहा-बारा पंपात जातं तेवढं सगळं ह्यानं दहा लिटरात कालवलं, उघड्या हातानं, अन् त्याच हातानं तंबाखू मळली. 2017 ला यवतमाळमधी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी गेले, ते लोक इसरले वाटतं.

पण खरी धास्ती तुतीची. बांधापलीकडं चुलत्याची एकरभर तुती, शेडमधी रेशमाच्या आळ्यांची दोनशे अंडीपुंजाची बॅच. वाऱ्यानं औषध पाल्यावर गेलं तर आळ्या खलास, जालन्याला कोष न्यायचे ते राहतील अन् आमची भाऊकी कोर्टात. बोलणं आत्ता दिवाळीला कुठं चालू झालंय.

दुसरा ड्रोनवाला बोलवला तर त्याला काय काय विचारू? तुतीपासून किती अंतर सोडू? अन् ड्रोन कुणाच्या अंगावर पडला तर खर्च कुणाचा, माझा का त्याचा?

प्रतिसाद: भाऊ, पायलट सर्टिफिकेट, ड्रोनचा युआयएन (नोंदणी) नंबर अन् थर्ड पार्टी विमा, तिन्ही कागद मागा, 2021 च्या ड्रोन नियमात हायेत. नसंल तर वावरात पाय ठेवू देऊ नका. ताणाला अन् खांबाला रंगीत फडकी बांधा, फडकी वरच्या विजेच्या तारेला नाय बरं. वारं तुतीकडं असंल तर त्या दिवशी फवारणीच नको. अन् बांधाकडच्या पट्ट्यात औषध मारूच नका, खाली पोतं अंथरून तूर हलवा, आळ्या पडतात, आमच्या आजीची पद्धत.

धागाकर्ता: पोत्याचं ध्यानातच नव्हतं. तो पट्टा तसाच करतो. चुलत्याकडं आज जाऊन आलो, चहा दिला पण म्हणला बॅच चढंपर्यंत, म्हंजे आळ्या कोष करायला लागंपर्यंत, ड्रोन आणायचा नाय. म्हंजे अजून आठ-दहा दिवस, तवर आळी थांबंल का? कामगंध सापळ्यानं (मादीच्या वासानं नर पतंग धरणारा) काय फरक पडतो का, कुणी लावलेत का तुरीत?