डीएमएचपीचा वार्षिक आराखडा: रुग्णसंख्या, औषधं आणि भेटींचं गणित कसं मांडायचं?

आराखडा_२७:
जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा (डीएमएचपी) पुढच्या वर्षाचा आराखडा करायचा आहे. प्रौढ लोकसंख्या साधारण १३ लाख, मनोविकारतज्ज्ञ एकच. मागचे आकडे १० टक्क्यांनी फुगवून पाठवायचे नाहीत, एवढं ठरवलंय. रुग्णसंख्या कशावरून धरू? औषधांची मागणी कशी काढू? ग्रामीण रुग्णालयात तज्ज्ञांची महिन्यातून एक भेट पुरेल का? जिल्हा रुग्णालयात १० खाटाही मागा असं सुचवलं गेलंय.

फेरतपासणी:
निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांमध्ये तीव्र मनोविकारांचं त्या वेळचं प्रमाण ०.८ टक्के निघालं. सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण सुरुवातीला हा आकडा धरायला हरकत नाही. १३ लाखांवर १०,४०० होतात. तुमच्या नोंदवहीत यातले किती आहेत ते पाहा. उरलेला फरक हेच तुमचं काम. नैराश्य, चिंता आणि व्यसनं यांचा हिशेब वेगळा ठेवा, त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे.

आता भेटी. तज्ज्ञ सहा तास बसले तर ३६० मिनिटं मिळतात. नव्या रुग्णाला ३० आणि जुन्याला १० मिनिटं धरली, तर दिवसात ६ नवे, १८ जुने. महिन्याला एकच भेट असेल तर पहिल्या तीन महिन्यांतले १८ रुग्ण चौथ्या महिन्यात सगळ्या जुन्या जागा व्यापतात. पाचव्या महिन्यापासून नव्यांची वेळ कापली जाते, मग जुन्यांना दोन मिनिटांत चिठ्ठी मिळते आणि लोक यायचे थांबतात. महिन्याला दोन भेटी केल्या तरी हे फक्त पुढे ढकललं जातं. स्थिर रुग्ण तिथल्याच वैद्यकीय अधिकाऱ्याकडे सोपवल्याशिवाय हे गणित सुटत नाही. आराखड्यात प्रशिक्षणाची रक्कम त्यासाठी मागा, आणि बदल्या होतात म्हणून वर्षातून दोनदा मागा.

भांडारपाल:
औषधांची मागणी रुग्णावरून काढा, मागच्या खपावरून नको. औषध संपलं होतं त्या महिन्यांत खप कमी दिसतो आणि पुढच्या वर्षी मागणी आणखी घटते. उदाहरणार्थ, तीव्र मनोविकारांवरचं रिस्पेरिडोन २ मिलिग्रॅम, रोज दोन गोळ्या, १,००० रुग्ण: वर्षाला ७,३०,००० गोळ्या. वर तीन महिन्यांचा राखीव साठा, म्हणजे आणखी १,८०,००० च्या आसपास.

हमखास विसरलं जाणारं औषध म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल, मनोविकारावरच्या गोळ्यांमुळे येणारा ताठरपणा आणि थरथर कमी करणारं. हॅलोपेरिडॉलसारखी मनोविकारावरची गोळी आहे पण हे नाही, असं झालं की अंग ताठरलेला, हात थरथरणारा रुग्ण स्वतःच गोळ्या बंद करतो. मनःस्थितीच्या आजारांवरचं लिथियम रक्तातली पातळी तपासण्याची सोय असेल तिथेच ठेवा. त्याच आजारांवरचं व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना सर्रास जाऊ नये, तेव्हा मागणी काढताना त्यांना वगळूनच मोजा.

तरतूद कापली जाऊ नये म्हणून समर्थनाच्या रकान्यात मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १८(१०) लिहा. अत्यावश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे, सर्व काळ, मोफत मिळाली पाहिजेत, असं त्यात स्पष्ट आहे.

रात्रपाळी:
खाटा मागताना आधी नर्स मोजा. आठवड्यात २१ पाळ्या, एक नर्स सहा करते, म्हणजे चोवीस तास एक नर्स हजर ठेवायला साडेतीन नर्स. रजा धरल्या की पाच. एवढ्या मंजूर नसतील तर रात्री वॉर्डला कुलूप आणि नातेवाईकच पहारेकरी, असं होतं. याला वॉर्ड म्हणणं मला पटत नाही. जागा तळमजल्यावर मागा. पंखे, खिडक्यांचे गज आणि न्हाणीघरातले नळ गळफासाच्या दृष्टीने तपासून घ्या. या खाटांची त्याच कायद्याखाली नोंदणीही लागते.

आराखडा_२७:
स्थिर रुग्ण नेमका कोणता, हे वैद्यकीय अधिकारी विचारणारच. काय लिहून देऊ?

फेरतपासणी:
तीन महिने तोच डोस, दाखल व्हावं लागलेलं नाही, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं नाही, झोप-जेवण सुरळीत. सोबत एक पान द्या: डोस कुठवर बदलायचा, आणि कोणती लक्षणं दिसली की परत पाठवायचं. अडलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहेच.

तारीख चुकलेल्यांची यादी दर आठवड्याला सीएचओकडे (समुदाय आरोग्य अधिकारी) जाऊ द्या. सात दिवस उलटले की आशाताई घरी जातील. त्यांना एवढंच शिकवा की दारात उभं राहून आजाराचं किंवा गोळीचं नाव घ्यायचं नाही. 'दवाखान्याची तारीख होती' एवढंच. शेजाऱ्यांना कळलं तर ते घर पुढच्या वेळी दार उघडत नाही.

अहवालात ओपीडीच्या आकड्याशेजारी एक रकाना वाढवा: सहा महिन्यांपूर्वी नोंदलेल्यांपैकी आज उपचारावर किती. वरून तो मागितला जात नसेल तरी भरा.