‘स्टोरी पिच करणे’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : अपंगत्व असलेल्या वाचकांसाठी चालणाऱ्या एका ऑनलाइन माध्यमाला लेखाची कल्पना पाठवायची आहे. ‘स्टोरी पिच करणे’ला मराठीत काय म्हणावं? ‘कथा सादर करणे’ म्हटलं की कथाकथन आठवतं. शिवाय पत्रात अपंग लिहू, दिव्यांग की अपंगत्व असलेली व्यक्ती?

प्रतिसाद : ‘कथा’ नकोच. पत्रकारितेतली ‘स्टोरी’ म्हणजे बातमी किंवा लेख. पिचला मी ‘लेखप्रस्ताव’ म्हणते. ‘विषय सुचवणे’ सोपं आहे, पण सुचवलेला विषय कोणीही लिहू शकतं; प्रस्तावात ‘मी लिहिणार’ हे गृहीत असतं.

प्रतिसाद : लेखप्रस्ताव म्हटलं की सरकारी फाइल डोळ्यांसमोर येते. बोलताना आपण सगळे पिचच म्हणतो, तेच राहू द्या. खेळपट्टीशी घोळ कोणी करत नाही.

प्रतिसाद : दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ‘दिव्यांग’ २०१५च्या अखेरीस पुढे आला आणि सरकारी कागदांवर रुळला. पण त्यातलं ‘दिव्य’ अनेकांना खुपतं. ‘अपंग’ हाच शब्द हक्काने वापरणारे कार्यकर्तेही आहेत. सगळ्यांना चालेल असा एकच शब्द नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं ते स्वतःला काय म्हणवतात ते विचारा, आणि त्या माध्यमाचे जुने लेख चाळा. ‘मूकबधिर’ मात्र टाळा, कर्णबधिर माणूस मुका असतोच असं नाही. ‘व्हीलचेअरला खिळलेला’ तर अगदीच उलटं. खुर्चीमुळेच तो हिंडतो.

पण संपादकाच्या टेबलावर पिच फसतं ते बहुतेकदा ‘मात करून’ या दोन शब्दांनी. नमुना घ्या :

‘जिद्दीच्या बळावर अंधत्वावर मात करून बँकेत अधिकारी झालेल्या तरुणीची प्रेरणादायी कहाणी.’

हे वाचणार कोण? स्वतः अंध असलेली, रोज कामाला जाणारी माणसं. त्यांना यात नवीन काय? तोच विषय असा मांडा (स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) :

‘बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्क्रीन रीडर ओटीपीच्या चौकटीपर्यंत पोहोचेस्तोवर मुदत संपते. अंध ग्राहक यावर काय तोडगे काढतात, आणि मुदत वाढवून देणं बँकेला का जमत नाही, हे दोन्ही बाजूंशी बोलून लिहीन.’

ऑस्ट्रेलियात एबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं ‘रॅम्प अप’ हे अपंगत्वविषयक संकेतस्थळ होतं. त्याची संपादक स्टेला यंग स्वतः व्हीलचेअर वापरायची. धडधाकटांना बरं वाटावं म्हणून अपंग माणसाला नुसतं उठून बसल्याबद्दलही शाबासकी देणाऱ्या मजकुराला ती ‘इन्स्पिरेशन पॉर्न’ म्हणायची. याच विषयावरचं तिचं २०१४चं भाषण गाजलं. या शब्दाला चपखल मराठी कोणाला सुचलं तर जरूर लिहा. ‘प्रेरणेचा बाजार’ जवळ जातो, पण त्यात तो डंख नाही.

प्रश्नकर्ती : आभार. ‘तुमचा या विषयाशी संबंध काय?’ असंही त्या माध्यमाने विचारलंय. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागतायत की काय?

प्रतिसाद : नाही हो! स्वानुभव आहे का, एवढंच विचारतायत. असेल आणि सांगावंसं वाटत असेल तर एका वाक्यात सांगा, निदानाचा तपशील द्यायची गरज नाही. नसेल तर कोणाकोणाशी बोलणार ते लिहा. आणि पैशांचं विचारताना ‘मानधन’ऐवजी ‘मोबदला’ लिहा. काम करून घेतायत, सत्कार नाही.