कर्करोगातील समन्वित उपचार हे डॉक्टरने आयुष्यभराचे काम म्हणून निवडावे का, आणि निवडायचे तर कोणत्या वाटेने?

कोथरूडची इंटर्न (प्रश्न)

नमस्कार. पुण्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयातून माझे एमबीबीएस झाले असून सध्या इंटर्नशिप सुरू आहे. कर्करोगाच्या वॉर्डात काम करताना असे दिसते की केमो घेणारे अनेक रुग्ण गुळवेलीचा काढा, गव्हांकुराचा रस, लक्ष्मणफळाच्या पानांची भुकटी किंवा नातेवाइकांनी आणून दिलेली एखादी पुडी घेत असतात, आणि राऊंडला कुणी रागावेल या धास्तीने ते लपवतात. मुख्य उपचार चालू असतानाच आहार, योग, झोप, वेदना आणि आयुर्वेद यांचा नीट विचार करणारी, म्हणजे समन्वित उपचार करणारी डॉक्टर व्हावे, असे मला मनापासून वाटते. घरचे म्हणतात की आधी एमडी कर. एका ओळखीच्या डॉक्टरांनी मात्र परदेशी ऑनलाइन अभ्यासक्रम करून थेट स्वतःचे केंद्र काढण्याचा सल्ला दिला. या क्षेत्रात प्रामाणिकपणे काम करायचे असेल तर वाट कोणती, आणि कायद्याची मर्यादा कुठे येते? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, सहकारनगर

आपला प्रश्न योग्य आहे आणि घरच्यांचे म्हणणेही योग्य आहे. एमडी रेडिएशन ऑन्कॉलॉजी (कर्करोगावरील किरणोपचार) करा, किंवा एमडी मेडिसिननंतर डीएम मेडिकल ऑन्कॉलॉजी (कर्करोगावरील औषधोपचार) करा; वेदना आणि लक्षणे यांकडे अधिक ओढा असेल तर एमडी पॅलिएटिव्ह मेडिसिन (गंभीर आजारात त्रास कमी करणारे उपचार) हीसुद्धा भक्कम वाट आहे. ज्या डॉक्टरला स्टेज, बायोप्सीचा अहवाल आणि केमोचे वेळापत्रक स्वतः वाचता येत नाही, त्याने 'पूरक' म्हणून दिलेली गोष्ट खरोखर पूरक आहे की मुख्य उपचारात अडथळा आणते आहे, हे त्याचे त्यालाच कळणार नाही. ऑनलाइन प्रमाणपत्रावर केंद्र काढण्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

या संदर्भात न्यूयॉर्कच्या डॉ. निकोलस गोन्झालेस यांची कारकीर्द आपण अवश्य अभ्यासावी. कॉर्नेलमधून रीतसर वैद्यकीय पदवी घेतलेले हे डॉक्टर विद्यार्थिदशेतच विल्यम केली नावाच्या दंतवैद्याच्या पद्धतीकडे ओढले गेले आणि २०१५ साली निधन होईपर्यंत स्वादुपिंडाची पाचक विकरे (एन्झाइम), ठरावीक आहार, अनेक पूरके आणि कॉफीचा एनिमा यांवर कर्करोगाचे रुग्ण पाहत राहिले. १९९९ साली त्यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ११ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) साडेसतरा महिने होते आणि त्या आजारात हा आकडा थक्क करणारा होता. मग अमेरिकन सरकारच्या पैशाने तुलनात्मक अभ्यास झाला. रुग्णांनी आपापला गट स्वतः निवडला होता, एकूण ५५ जण होते, आणि निकाल असा लागला की केमो घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १४ महिने, तर विकरे घेणाऱ्यांचे ४.३ महिने. केमोच्या गटातील रुग्णांचे जगण्याचे मानही अधिक चांगले होते, हे मला सर्वात महत्त्वाचे वाटते, कारण पर्यायी उपचारांच्या बाजूने नेहमी हाच मुद्दा मांडला जातो. गोन्झालेस यांना हा निकाल मान्य झाला नाही आणि त्यांनी अभ्यासाच्या आखणीवर आक्षेप घेतले. बुद्धिमान, कष्टाळू आणि रुग्णांना भरपूर वेळ देणारा डॉक्टरसुद्धा ११ रुग्णांच्या अनुभवावर किती दूर जाऊ शकतो, हे यातून दिसते.

याच काळात दुसरी वाटही तयार होत होती. न्यूयॉर्कमधील स्लोन केटरिंग रुग्णालयाने १९९९ साली रुग्णालयाच्या आतच समन्वित उपचारांचा विभाग सुरू केला आणि २००३ साली या विषयाला वाहिलेली आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेबरोबर त्या संस्थेने २०२२ साली वेदनांसाठी आणि २०२३ साली चिंता व नैराश्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकरोधक (हार्मोन रोखणाऱ्या) गोळ्यांमुळे होणाऱ्या सांधेदुखीसाठी ॲक्युपंक्चर, चिंतेसाठी ध्यान आणि योग, अशा शिफारशी त्यांत आहेत. हे सगळे लक्षणांसाठी आहे. गाठ विरघळवण्याचा दावा त्यांत कुठेही नाही. ही मर्यादा जो पाळतो, त्याच्यापुढे काम अमाप आहे.

मुख्य उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना रीतसर उपचार घेतलेल्या ५६० रुग्णांशी करणारा अमेरिकन अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तो निरीक्षणात्मक, म्हणजे रुग्णांना चिठ्ठ्या टाकून गटांत न वाटता केलेला, असल्यामुळे त्याला मर्यादा आहेत; तरीही पर्यायी गटात मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट आणि स्तनाच्या कर्करोगात पाचपटीहून अधिक आढळला. बरे होण्यासारखा आजार हातचा गेल्यावर येणारे रुग्ण मी पाहिले आहेत, त्यामुळे हे आकडे मला कोरडे वाटत नाहीत.

रास्ता पेठेतील वैद्य (एमडी, आयुर्वेद)

डॉक्टरसाहेबांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे. मात्र आयुर्वेदाला केवळ 'लक्षणांपुरते' ठेवून विषय संपतो, असे मला वाटत नाही. सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातून कॅम्पटोथेसिन मिळते आणि आतड्याच्या कर्करोगात दिले जाणारे इरिनोटेकान त्याच रसायनापासून तयार झाले. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचे औषध आले. चिनी परंपरेतला सोमल (आर्सेनिक) शुद्ध करून, मात्रा ठरवून, चाचण्या करून रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर वापरला गेला आणि २००० साली अमेरिकेने आर्सेनिक ट्रायऑक्साइडला मान्यता दिली. आपल्या ग्रंथांतील द्रव्यांचा शोध याच शिस्तीने घ्यायला हवा, आणि त्या संशोधनात तुमच्यासारख्या डॉक्टरांनी वैद्यांच्या शेजारी बसावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

पण 'वनस्पती आहे, अपाय काय होणार' हे वाक्य माझ्या ओपीडीत मी कुणालाही बोलू देत नाही. करोनाकाळात स्वतःच्या मनाने गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली केली. केमोच्या दिवसांत कोणतेही पोटात घ्यायचे औषध, विशेषतः रसौषधी (पारा, धातू यांपासून केलेली औषधे) आणि भस्मे, मी कर्करोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय देत नाही. पेज, मऊ भात, मुगाचे कढण, तोंड आले असता खाण्यापिण्यात करायचे बदल, झोपेची वेळ या गोष्टींवर मात्र मी भरपूर वेळ देतो.

कायद्याविषयी दोन गोष्टी सांगतो. १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपायांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्यानुसार कर्करोग बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करता येत नाही. 'केंद्र' काढणाऱ्यांनी हे आधी वाचावे. दुसरे असे की १९९६ साली पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा ठरवला. ज्या शास्त्राचे शिक्षण घेतलेले नाही त्याची औषधे लिहू नयेत, हे तत्त्व एमबीबीएस डॉक्टरनेही आपल्या बाजूने पाळावे. तुम्ही आयुर्वेदाची औषधे स्वतः लिहू नका, चांगला वैद्य सोबत घ्या.

परिचारिका, सिंहगड रोड

ताई, शक्य झाल्यास वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये काही काळ काम करून पाहा. १९९७ पासून तिथे कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य सेवा चालते आणि कुटुंबालाही सोबत ठेवून घेतले जाते. रुग्ण पुडी कशासाठी घेतो, हे अशा ठिकाणी त्याच्या शेजारी निवांत बसल्यावर कळते. बहुतेक वेळा त्याला भूक हवी असते, झोप हवी असते, किंवा आपण स्वतःसाठी काहीतरी करतो आहोत हे समाधान हवे असते.

कोथरूडची इंटर्न

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एमडी रेडिएशन ऑन्कॉलॉजी आणि पॅलिएटिव्ह मेडिसिन या दोन्हींचा मी गांभीर्याने विचार करते आहे. एक शंका राहिली. आजच्या माझ्या पातळीवर, म्हणजे इंटर्न म्हणून, या दिशेने वॉर्डात काय करता येईल?

क्लिनिकल फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र), निवासी डॉक्टर

केस पेपरवर आपण चालू औषधे लिहितो, त्याच रकान्यात काढे, पुड्या, चूर्णे आणि पूरकेही लिहायला सुरुवात करा. 'काही घेता का?' असे विचारले तर उत्तर 'नाही' असेच येते. 'घरचे काय काय देतात?' असे विचारले तर लोक सांगतात. नाव, कंपनी, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि केमोच्या दिवशी घेतले होते का, एवढे लिहा, आणि पुडीवर नाव नसेल तर तसेही नोंदवा. वैद्यमहोदयांनी इरिनोटेकानचा उल्लेख केला आहेच. नैराश्यासाठी परदेशात सर्रास घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीबरोबर ते दिले असता त्याच्या क्रियाशील घटकाची रक्तातील पातळी ४२ टक्क्यांनी घटल्याचे २००२ सालच्या अभ्यासात दिसले, म्हणजे रुग्णाला दुष्परिणाम सोसूनही पुरेसे औषध मिळत नव्हते. नोंदीत काही संशयास्पद आढळले तर रुग्णाला लगेच बंद करायला न सांगता आधी युनिटच्या वरिष्ठांना दाखवा. यकृताच्या तपासण्या बिघडल्या असतील तर मात्र त्याच दिवशी दाखवा. आमच्या विभागात औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचा फॉर्म असतो आणि वनौषधींसाठीही तोच चालतो. इंटर्नने भरलेला फॉर्मही आम्ही घेतो.