मदत हवी आहे: हलत्या देखाव्यातल्या मावळ्याचा हात अडकतो

पेठकरी:
मंडळाच्या देखाव्यात तलवार उगारणारा मावळा आहे. हात 60 अंशांत वरखाली हवा. 12 व्होल्टची वायपर मोटर, तिच्यावर 80 मिमी क्रँक (शाफ्टसोबत फिरणारी पट्टी), तिला खांद्याशी जोडणारी जोडपट्टी 200, खांद्यावरची पट्टी 100, मोटरचा शाफ्ट ते खांदा 250. थोडं फिरून दोन्ही पट्ट्या एका रेषेत ताणल्या जातात आणि फ्यूज उडतो. मोठी मोटर घेऊ का?

लेथवाला:
नको. मोठी घेतलीत तर फ्यूजऐवजी बोल्ट तुटेल, एवढंच.

चार लांब्यांपैकी सर्वांत छोटी अधिक सर्वांत मोठी ही बेरीज उरलेल्या दोन्हींच्या बेरजेपेक्षा कमी लागते, तरच छोटी पट्टी पूर्ण फिरते. हा ग्राशॉफचा नियम. तुमचे 80+250 झाले 330, समोर 200+100 म्हणजे 300. क्रँक खांद्याच्या उलट दिशेला गेली की तिचं टोक खांद्यापासून 330 वर जातं. पट्ट्या पोचतात 300 पर्यंतच.

क्रँकला 50 वर नवं भोक पाडा, जोडपट्टी 234.5 ची करा. बाकी आहे तेच राहू द्या. मापं भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत घ्यायची, पट्टीच्या टोकापासून नाही (निम्मे घोळ इथेच होतात). आधी पुठ्ठ्यावर टाचण्या लावून फिरवून बघा.

सांधेजोड:
हिशेब बरोबर. पण सांध्यांचे नट आवळून बसवले असतील तर तरीही अडकेल. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, न आवळताही सैल होत नाहीत), दोन्हीकडे वायसर, पट्टी बोटाने सहज फिरली पाहिजे. जोडपट्टी क्रँकच्या बाहेरच्या अंगाला घ्या, नाहीतर शाफ्टच्या नटावर आपटेल.

हाताचं वजनही तोला. हात-तलवार मिळून 800 ग्रॅम आणि तोल खांद्यापासून 25 सेंमीवर असेल, तर मागच्या बाजूला 10 सेंमीवर 2 किलो.

पेठकरी:
धन्यवाद! वार झपकन खाली आणि हात सावकाश वर, असं जमेल?

लेथवाला:
याच जोडणीत फारसं नाही. जोडपट्टी 215 केली तर जाण्यायेण्याच्या वेळात जेमतेम 8 टक्के फरक पडतो, आणि जोडपट्टी व खांद्याची पट्टी यांतला कोन एका जागी सरळ रेषेपासून 38 अंशांवर येतो. मग जोर हात फिरवण्याऐवजी खांद्याच्या पिनवर जायला लागतो. त्यापेक्षा वेग उतरवा. वायपर मोटर हळू वेगावरही मिनिटाला चाळीसेक फेरे घेते, मावळा माश्या हाकलतोय असं दिसेल. पीडब्ल्यूएम कंट्रोलर (मोटरचा वेग कमीजास्त करणारं सर्किट) लावून 20 वर आणा.



पेठकरी:
234.5 ची पट्टी आज कापतो. भोक 6 चं की 8 चं?

सांधेजोड:
8. आणि आत पितळी बुश (भोकात बसणारी छोटी नळी), दहा दिवस रोज पाच-सहा तास चालायचंय ते.