स्प्लंकमध्ये इव्हेंटटाइप करून ठेवायचे की प्रत्येक अलर्टमध्ये पूर्ण सर्च लिहायची?

निशाचर_सॉक
टीममध्ये हा वाद सारखा होतो म्हणून धागा काढतोय, माझं मत आधीच सांगून टाकतो. (नवीन लोकांसाठी: स्प्लंक म्हणजे सगळ्या मशीनचे लॉग एका जागी गोळा करून त्यात शोधायचं सॉफ्टवेअर, आणि इव्हेंटटाइप म्हणजे त्यातल्या सर्चच्या फिल्टरला नाव देऊन ठेवणं; तो फिल्टर ज्या इव्हेंटला, म्हणजे लॉगच्या नोंदीला, जुळतो तिला ते नाव लागतं.) जो फिल्टर परत परत टाइप करावा लागतो त्याचा इव्हेंटटाइप झालाच पाहिजे. लॉगिन फेल घ्या ना. विंडोजमध्ये इव्हेंट कोड ४६२५, लिनक्सच्या एसएसएचमध्ये 'फेल्ड पासवर्ड' अशी ओळ, व्हीपीएनवाल्याचं आणखी तिसरंच काहीतरी. मग प्रत्येक डॅशबोर्डात, प्रत्येक अलर्टमध्ये हे सगळं 'ऑर' (किंवा) लावून लिहीत बसायचं का? तीन इव्हेंटटाइप करा, तिन्हींना ऑथेंटिकेशन टॅग लावा (वेगवेगळ्या लॉगना एकसारखी नावं देणाऱ्या स्प्लंकच्या कॉमन इन्फर्मेशन मॉडेलला तसाही तोच लागतो) आणि अलर्ट टॅगवर लिहा. उद्या नवीन फायरवॉल आली तर तिचा इव्हेंटटाइप करून टॅग लावला की झालं, अलर्टला हात लावायची गरजच नाही.

पाइपलाइनवाला
साफ असहमत. अलर्टला हात न लावता अलर्ट बदलतो, मला भीती त्याचीच आहे. एका क्लायंटकडे हे झालेलं बघितलंय, सर्व्हिस अकाउंटचा गोंगाट नको म्हणून कुणीतरी इव्हेंटटाइपच्या फिल्टरमध्ये एक 'नॉट' (हे वगळा) घातला, त्याच्या डॅशबोर्डपुरतं ते बरोबरच होतं, पण त्याच इव्हेंटटाइपवर दुसऱ्या टीमचा अलर्ट उभा होता तो गप्प झाला. एरर नाही काही नाही. अलर्ट वाजत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असंच सगळे धरून चालले. सर्च चार ओळींची झाली तरी चालेल, पण अलर्ट उघडल्यावर तो नक्की काय शोधतोय ते तिथेच दिसायला हवं.

निशाचर_सॉक
अहो पण हा दोष परमिशनचा आहे. ग्लोबल शेअर केलेल्या इव्हेंटटाइपवर राइट परमिशन सगळ्यांना कशाला? इव्हेंटटाइपची कॉन्फ (सेटिंगची) फाइल गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहते तिथे ठेवा, बदल रिव्ह्यू होऊनच जाऊ दे. आणि तोच नॉट कुणी चार ओळींच्या सर्चमध्ये घातला असता तर तुम्हाला कळलं असतं का?

पाइपलाइनवाला
कळलं नसतंही कदाचित, पण मग एकच अलर्ट बिघडला असता, बाकीचे शाबूत राहिले असते.

कोल्हापुरी_अॅडमिन
दोघांनी एकदा जॉब इन्स्पेक्टर (सर्चच्या कुठल्या टप्प्याला किती वेळ लागला ते दाखवणारी स्क्रीन) उघडा आणि 'कमांड डॉट सर्च डॉट टायपर' या ओळीपुढचा वेळ बघा. इव्हेंटटाइप लागतात सर्च चालू असताना, म्हणजे इव्हेंट बाहेर आला की त्या ॲपमध्ये दिसणारे सगळे इव्हेंटटाइप त्याच्यावर तपासले जातात. तुमचे दहा असतील हो, पण ॲड-ऑन (स्प्लंकवर वरून टाकलेली पॅकेजं) आपापले घेऊन येतात, ते कोण मोजतं. आणि लोक लिहितात काय तर पुढेमागे स्टार लावून नुसता 'फेल' शब्द, ना इंडेक्स (डेटा कुठल्या साठ्यात आहे), ना सोर्सटाइप (लॉग कुठल्या प्रकारचा आहे). माझ्याकडे नियम आहे, सोर्सटाइप नसलेला इव्हेंटटाइप मी ग्लोबल करत नाही. कुणी कितीही भांडो.

नवखी_ॲनालिस्ट
मध्येच विचारते, प्रायॉरिटी १ दिली तर तो इव्हेंट फक्त त्याच प्रकारात जातो ना?

कोल्हापुरी_अॅडमिन
नाही ताई. एका इव्हेंटला कितीही इव्हेंटटाइप लागू शकतात, ते फील्ड मल्टिव्हॅल्यू आहे, म्हणजे त्यात एकाच वेळी अनेक नावं बसतात. प्रायॉरिटी १ ते १०, १ सगळ्यात वरची, पण त्याने फक्त कोण आधी दिसणार आणि कुणाचा रंग लागणार एवढंच ठरतं. एका इव्हेंटचा एकच वर्ग हवा असेल तर फिल्टर एकमेकांवर चढणार नाहीत असे लिहावे लागतात. इव्हेंटटाइपच्या फिल्टरमध्ये पाइप (पुढची कमांड जोडायची उभी रेघ) आणि सबसर्च (सर्चच्या आतली सर्च) चालत नाही हेपण लक्षात ठेव.

लॉगताई
मला वेगळाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो, जुन्या डेटाचा. सर्ट-इनच्या (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ च्या आदेशाप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. आज एखादी नवी हल्ल्याची पद्धत कळली आणि मी इव्हेंटटाइप लिहिला तर सहा महिन्यांमागचे इव्हेंटसुद्धा लगेच त्या वर्गात दिसतात, कारण लॉगवर काहीच छापलेलं नसतं. ग्रेलॉग या दुसऱ्या लॉग सॉफ्टवेअरमध्ये मेसेज आत येतानाच स्ट्रीम नावाच्या गटांत वाटले जातात, तिथे स्ट्रीमचा नवा नियम जुन्या मेसेजना लागत नाही. तपासात हा फरक प्रचंड असतो. एवढ्यासाठी मी निशाचरच्या बाजूने.

पाइपलाइनवाला
ताई, तपासापुरतं मान्य. पण हेच ऑडिटला उलटतं. मार्चचा रिपोर्ट एप्रिलमध्ये दिला, जूनमध्ये फिल्टर बदलला, ऑडिटरने मार्चचा आकडा परत काढायला सांगितला तर वेगळा येणार. त्याला काय सांगायचं, डेटा तोच आहे पण व्याख्या बदलली? त्यात डेटा मॉडेल ॲक्सिलरेटेड असेल (म्हणजे वेग यावा म्हणून त्याचा सारांश, समरी, आधीच बनवून ठेवलेला असेल) तर आधी बनलेली समरी जुन्या व्याख्येवरच राहते, रीबिल्ड करेपर्यंत एकाच स्क्रीनवर दोन आकडे.

लॉगताई
मग महिन्याचे निकाल समरी इंडेक्समध्ये (काढलेले आकडे साठवायच्या वेगळ्या जागेत) टाकून ठेवा, ते बदलत नाहीत. आणि व्याख्या बदलली हे ऑडिटरला सांगायला का लाजायचं? गिटमध्ये तारीख आहे, कारण लिहिलेलं आहे. माझ्या मते इव्हेंटटाइप सोडून देण्यापेक्षा हे करणं सोपं आहे.

निशाचर_सॉक
ताईंशी सहमत. पाइपलाइनवाल्यांचा एक मुद्दा मात्र घेतो, उद्यापासून आमच्याकडे कुठलाही टॅग असलेला इव्हेंटटाइप बदलण्याआधी त्यावर कुठले अलर्ट उभे आहेत ते शोधून तिकिटात लिहायचं.

पाइपलाइनवाला
चांगलं आहे, जरूर करा. अकाउंट लॉकआउटचा ४७४० आणि नवीन युजरचा ४७२० हे दोन अलर्ट मी तरीही थेट कोडवरच ठेवणार, मध्ये काहीही नको.