गादी आणि फ्रिजबद्दल थोडी भर

घरचं सामान काही महिने गोदामात ठेवायचं असेल तर गादी प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळा असं काही जण सुचवतात, ते मला पटत नाही. कापसात किंवा फोममध्ये जराशी जरी ओल राहिली तरी ती आतच कोंडते आणि काही महिन्यांनी उघडाल तेव्हा काळे ठिपके अन् कुबट वास. आधी चांगलं ऊन दाखवा, मग जुन्या सुती चादरीत बांधा. धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक हवंच असेल तर वरून सैल टाका.

फ्रिजचंही तेच. डीफ्रॉस्ट करून मागचा पाण्याचा ट्रे रिकामा करायचा. दाराच्या रबराच्या घड्या बोटाला फडकं गुंडाळून पुसायच्या, बुरशी तिथेच धरते. मग दार बोटभर उघडं राहील असा कापडाचा बोळा अडकवून वरून चिकटपट्टी. वॉशिंग मशिनच्या पाइपातलं पाणी काढायला बहुतेक जण विसरतात.

पुस्तकं लहान खोक्यांतच भरा. मोठं खोकं भरलं की उचलणारा आधी मनातल्या मनात शिव्या देतो, मग तळ फाटतो. नाव खोक्याच्या बाजूला लिहा. वर लिहिलेलं रचल्यावर दिसत नाही. खाली लाकडी पॅलेट, भिंतीपासून वीतभर अंतर आणि मधोमध माणूस जाईल एवढी वाट. नाहीतर हवी ती वस्तू नेमकी सगळ्यांत मागे असते!

मूळ कागदपत्रं, दागिने गोदामात नकोतच. आणि हो, रिमोट नि घड्याळांतले सेल काढून ठेवा, ते गळले की आतल्या पट्ट्या गंजतात.