पावसाळ्यात पेटीतील पिल्ले कवचातच का मरतात?

जांबोटीकर
नमस्कार. थर्माकोलच्या पेटीत बल्ब, थर्मोस्टॅट व लहान पंखा बसवून मी घरच्या गावठी कोंबड्यांची अंडी उबवितो. उन्हाळ्यात पिल्ले चांगली निघाली. मात्र मृग लागल्यापासून पिल्ले पूर्ण वाढूनही कवच न फोडताच मरत आहेत. अंडे फोडून पाहिल्यास पिल्लू ओले व फुगीर दिसते. तापमान ३७.६ अंशांवर स्थिर आहे, अंडी दिवसातून तीन वेळा फिरवितो आणि पाण्याची वाटी पहिल्या दिवसापासून आत असते. दोष अंड्यांत आहे की पेटीत?

खानापूरचा पशुपालक
आपण दिलेल्या वर्णनावरून दोष बहुधा त्या वाटीत आहे. उबवणीच्या २१ दिवसांपैकी पहिल्या १८ दिवसांत अंड्यातील पाणी कवचाच्या छिद्रांवाटे उडून वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटावे लागते, तेव्हाच रुंद टोकाकडील हवेची पोकळी पुरेशी मोठी होते. पिल्लू कवच फोडण्यापूर्वी याच पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते. आपल्याकडे आषाढात बाहेरची हवा २३ अंशांची व जवळपास पूर्ण दमट असते. हीच हवा पेटीत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते, आणि पावसाळ्यात तेवढी पुरते. त्यात वाटी ठेवल्यास पाणी उडण्याचे प्रमाण घटते आणि पोकळी लहान राहते.

म्हणून १८व्या दिवसापर्यंत वाटी काढून ठेवावी. स्वस्त आर्द्रतामापकापेक्षा स्वयंपाकघरातील डिजिटल काटा बरा: ५० ग्रॅमचे अंडे १८व्या दिवशी ४४ ग्रॅमच्या जवळपास भरले पाहिजे. शेवटचे तीन दिवस मात्र अंडी फिरविणे थांबवून रुंद भांड्यात पाणी ठेवावे, म्हणजे आर्द्रता ६५ ते ७० टक्के राहील.

निपाणीहून
वरील सल्ला पावसाळ्यापुरताच घ्यावा, ही विनंती. आमच्या कोरड्या भागात चैत्र-वैशाखात वाटी काढली, तर आतला पडदा सुकून पिल्लाला चिकटतो.

आणखी एक पाहा. गारठा आत येऊ नये म्हणून पेटीची भोके बोळ्यांनी बुजविली तर नाहीत ना? शेवटच्या दिवसांत पिल्लांना भरपूर प्राणवायू लागतो. चिखलाने माखलेली अंडीही पेटीत लावू नयेत आणि धुऊन तर मुळीच लावू नयेत, कारण धुण्याने वरचा संरक्षक थर जातो व जंतू आत शिरतात. खुराड्यात भाताचे कोरडे तूस पसरले की अंडी स्वच्छ मिळतात.

बेळगाव तालुका
वीज गेल्यास झाकण न उघडता, भोके मोकळी ठेवून पेटीवर घोंगडे टाकावे. दोन-तीन तासांच्या गारव्याने अंडी सहसा मरत नाहीत. फार तर पिल्ले थोडी उशिरा निघतात. शक्य असल्यास एखादी खुडूक कोंबडी हाताशी असू द्यावी. रात्री अंधारात तिच्याखाली अंडी सरकविली, तर ती सहसा स्वीकारते. माझे मत विचाराल तर खुडूक कोंबडीची सर कोणत्याही पेटीला येत नाही.

जांबोटीकर
सर्वांचा आभारी आहे. भोके मोकळीच आहेत. वाटी आजच काढतो. सध्या लावलेल्या अंड्यांचा निम्मा काळ लोटला असून टॉर्चवर पोकळी लहान दिसते. ती वाया गेली, असे समजावे का?

खानापूरचा पशुपालक
नाही. १८व्या दिवसापर्यंत पेटी कोरडी ठेवा, पोकळीची कड पेन्सिलीने आखून घ्या आणि दर तीन दिवसांनी ती खाली सरकते का ते पाहा. तापमान वाढवून पाणी लवकर उडविण्याचा प्रयत्न मात्र करू नका, त्याने गर्भ मरतो.